आबांना सांगू नका

(दृश्य: पहाटेचं रामकुंड. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे.)

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं. रामकुंडावर लांबलांबून माणसं अस्थी घेऊन येतात. माणूस गेल्यावर काय करायचं, ते सांगायला इथे गुरुजी आहेत, जुनीजाणती माणसं आहेत. पण माणूस जात असतो तेव्हा काय करायचं?

ते बहुतेक वेळा सिस्टरला विचारलं जातं. तेही रात्री दोन-अडीचला, वॉर्डात दुसरं कुणी जागं नसताना.

(दृश्य: वॉर्ड. टेबलावर दिवा, औषधांचं रजिस्टर.)

शहरातल्या एका रुग्णालयात आम्ही रात्रपाळीला बसलो. नावं कुणाचीच घेणार नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. तोंडाचा कॅन्सर मानेत उतरलेला. आता औषध आजारावर नाही, त्रासावर द्यायचं, असं डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मुलानं सिस्टरला दारातच गाठलं. “ताई, आबांना काही सांगू नका. ते हाय खातील.”

ही विनंती महाराष्ट्रातल्या प्रत्येक वॉर्डात होते आणि ती मायेपोटीच होते. मुलाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण त्याच रात्री आबांनी वही मागितली. बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिलं: ‘ऑक्टोबर छाटणीला मी असेन का?’

आता सिस्टरनं काय करायचं? निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम. मुलाला शब्द दिलेला. आणि समोर वही धरून बसलेला माणूस, ज्याच्या आयुष्याबद्दल हे सगळं चाललंय. ‘काही होत नाही आबा, बरे व्हाल’ हे वाक्य तोंडावर आलं होतं, असं तिनं आम्हाला सांगितलं. ते तिनं गिळलं. स्टूल ओढलं, बसली आणि विचारलं, “आबा, तुम्हाला काय वाटतं?”

त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: ‘नाही वाटत. पोराला कळू देऊ नका.’

बाप मुलापासून लपवत होता, मुलगा बापापासून. आणि दोघांचं गुपित सिस्टरच्या पदरात. तिनं आबांनाच विचारलं, “मुलाशी मी बोलू का?” त्यांनी होकारार्थी मान हलवली. सकाळी राउंडला तिनं डॉक्टरांना वही दाखवली. दुपारी डॉक्टर, मुलगा आणि आबा एकत्र बसले. खोटं बोलायचं नाही, पण न विचारलेलंही अंगावर ओतायचं नाही, एवढीच खूणगाठ तिनं बांधली होती. पुढचे आठ-दहा दिवस बापलेक वहीवर बोलत राहिले. सोसायटीचं कर्ज, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव, कोणत्या प्लॉटची छाटणी आधी. ते दिवस मुलाच्या विनंतीपायी वाया गेले असते.

(दृश्य: कुलूपबंद कपाट. दोन चाव्या.)

मग दुखणं वाढलं. मॉर्फिन दर चार तासांनी. या औषधाचं नाव काढलं की घरचे दचकतात. नशेचं औषध, म्हणजे आता शेवटच. पूर्वी परवान्यांच्या जंजाळामुळे ते मिळणंच अवघड होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. भीती मात्र तशीच राहिली. ती सिस्टरच्याही मनात असते. मी डोस दिला आणि तासाभरात ते गेले, तर? ‘तुमच्या औषधानं गेले’ असं कुणी म्हणालं, तर?

म्हणून ती श्वास मोजते. चेहरा बघते. डॉक्टरांनी लिहून दिलेला, दुखण्याच्या मापानं हळूहळू वाढवलेला डोस देते आणि वेळ लिहिते. असा डोस जीव घ्यायला दिलेला नसतो, कळ थांबवायला दिलेला असतो. आणि भीतीपोटी तो चुकवला तर माणूस रात्रभर तळमळतो. तेही कुणीतरी केलेलंच असतं.

(दृश्य: मुंबई, केईएम रुग्णालयाचा दर्शनी भाग.)

याच राज्यातल्या परिचारिकांनी आपल्या एका सहकारी परिचारिकेला जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं. अरुणा शानबाग. १९७३ साली केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळली, ती तिथल्या कर्मचाऱ्यांचा कौल लक्षात घेऊन. त्याच निकालानं काटेकोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायचं दारही उघडलं. २०१८ मध्ये न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि शेवटी कोणते उपचार नकोत हे सांगणारं इच्छापत्र आधीच करून ठेवायला मुभा दिली. २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, आणि वेळ आल्यावर उपचार थांबवायचे का हे ठरवायला डॉक्टरांची दोन मंडळं.

त्या मंडळांत परिचारिकेला जागा नाही. मला हे खटकतं. आबांची वही कुणी वाचली होती?

(दृश्य: खाटेशेजारी तांब्याचा छोटा गडू.)

शेवटच्या रात्री मुलगी गंगेचं पाणी घेऊन आली. गडू आणि तुळशीचं पान. आबांचं गिळणं थांबलं होतं. चमचाभर पाणीही घशात अडकून ठसका लागला असता. ‘पाणी पाजायचं नाही’ असं सांगून सिस्टरला मोकळं होता आलं असतं. पण तहानलेला बाप सोडला, हे त्या लेकीला जन्मभर सलत राहिलं असतं.

सिस्टरनं कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि लेकीच्या हातात दिला. “ओठांवरून फिरवा. आत थोडं, जिभेवर. हं, असंच.” आबांना कुशीवर वळवून तिनं उशी नीट केली. तुळशीचं पान ओठांवर ठेवलं.

सकाळच्या पाळीला ओव्हर, म्हणजे रात्रीची माहिती, देताना तिनं वाचलं: ५ वाजून १० मिनिटांनी श्वास थांबला. त्रास नव्हता. मुलगा-मुलगी जवळ होते.

मग गडू धुऊन, पुसून तिनं मुलीला परत दिला.