रजिस्टरात नसलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज १६ जुलै. १९४८ साली याच तारखेला आकाशवाणीचं आपलं नागपूर केंद्र सुरू झालं. त्यानिमित्त जुन्या माणसांबद्दल सात मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. अर्धं आयुष्य सकाळच्या पाळीत गेलं, तिथली माणसं सात मिनिटांत बसवायची! असो. उद्घोषकानं वेळेची तक्रार करू नये.

ड्यूटी रूममध्ये एक रजिस्टर असायचं. प्रसारण चालू असताना ड्यूटी ऑफिसर कानाला हेडफोन लावून सगळं ऐकत बसायचे, आणि काही चुकलं की त्यात लिहायचे. किती वाजता, किती सेकंद, कोणामुळे. माझं नाव त्यात पहिल्यांदा लागलं ते एका खोकल्यामुळे. मी फेडर, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी कळ, आधीच वर करून ठेवला होता, आणि भक्तिगीताच्या शेवटच्या ओळीवर मला ठसका लागला. नोंद झाली : ‘उद्घोषिकेचा खोकला, ३ सेकंद.’ घरी येऊन रडले होते मी.

पण त्या रजिस्टरातली खरी गंमत मला फार उशिरा कळली. ज्या दिवशी सगळी माणसं आपापलं काम चोख करत, त्या दिवशी लिहायला काही नसायचं. ‘प्रसारण सुरळीत’ एवढी एक ओळ आणि खाली सही. म्हणजे आम्ही चुकणारे सगळे कागदावर आलो, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं काही चुकू दिलं नाही, त्यांचा उल्लेखच नाही.

मोठ्या नावांचं तसं नाही, ती राहतातच. केंद्र निघालं तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला जेमतेम सहा केंद्रं आली होती. त्यानंतरच्या पहिल्या भरतीत आपला नंबर लागला. पुण्याचं केंद्र आलं १९५३ मध्ये. (हे सांगताना नागपूरकराला जरा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.) राजधानीचं गाव म्हणून इथे मराठी आणि हिंदी पहिल्यापासून एकाच छताखाली. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली, हिंदी मात्र इथेच राहिली. गजानन माधव मुक्तिबोध पन्नासच्या दशकात याच केंद्रात नोकरी करत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. असं घर नागपुरात कोणाला नवल वाटायचं नाही. पुढे रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर, आपले दारव्हेकर मास्तर, तेही या केंद्रात होते. त्यांच्याबद्दल माझ्याहून जास्त जाणणारे लोक गावात आहेत, म्हणून तिथे थांबते.

मला बोलायचंय ते एडिटिंगच्या खोलीतल्या एका काकांबद्दल. नाव घेत नाही. घेतलं असतं तर तेच म्हणाले असते, ‘काऊन घेता बाप्पा?’

त्या काळात ध्वनिमुद्रण पाव इंची टेपवर व्हायचं. टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास मोजला तर पावणेचार इंच. काका दोन्ही स्पूल हातानं मागेपुढे हलवत, शब्दाची सुरुवात नेमकी कुठे आहे ते कानानं शोधत, तिथे पिवळ्या पेन्सिलीनं खूण करत, आणि दाढीच्या ब्लेडनं तिरका छेद देत. तिरका अशासाठी, की जोड कानाला लागू नये. मग वरून पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावरून नखाची एक रेघ.

एकदा काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आले होते, डिंक्या रोगावर बोलायला. माणूस अनुभवी, पण माइक दिसला आणि घाबरला. दर वाक्यात चार वेळा ‘म्हणजे कसं हाये का’. मुलाखत ठरली होती दहा मिनिटांची, झाली सतरा. मी म्हटलं, काका, हे सगळे ‘म्हणजे’ काढून टाका. काकांनी अर्धे काढले. बाकीचे का ठेवले, विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, सारेच काढले तर तो साहेबावानी बोलन. मंग त्याच्या गावचे लोक आयकतीन कायले?’

आणि त्यांच्या टेबलाच्या कडेला टेपचे छोटे छोटे तुकडे चिकटवलेले असत. मला वाटायचं, कचरा आहे. एकदा झटकायला गेले तर ओरडले. त्या तुकड्यांवर शांतता होती! प्रत्येक मुलाखतीतली, त्या त्या खोलीतली शांतता. कापताना दोन वाक्यं फार जवळ आली, की त्याच मुलाखतीतला एक तुकडा मध्ये जोडायचा. दुसरीकडचा चालत नाही, कानाला लगेच कळतं. बागायतदाराला त्या दिवशी काकांनी, झाडाला लावायच्या बोर्डो मलमाच्या कृतीआधी, असा एक श्वास दिला होता. ऐकणाऱ्याला कागद-पेन्सिल उचलायला वेळ मिळावा म्हणून. आता संगणकावर हे काम बोटाच्या एका टिचकीनं होतं, आणि चांगलंच आहे. पण श्वास किती लांबीचा द्यायचा, ते संगणक सांगत नाही.

तिकडे ट्रान्समीटरवरचे लोक तर आम्हालाही क्वचित दिसायचे. १९८८ साली राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तिचा एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर आपल्या नागपूरजवळ, बुटीबोरीला. कार्यक्रम दिल्लीचा, रात्रभर चालणारा, ताकद इथली. सूर्य मावळला की मीडियम वेव्ह लांबवर जाते, त्यामुळे देशात कुठे तरी कोणी रात्रपाळीचा माणूस रेडिओ लावून बसायचा, आणि त्याच्यासाठी इकडे दुसरा रात्रपाळीचा माणूस मीटरच्या काट्यांवर नजर ठेवून जागा असायचा. दोघांची कधी गाठ पडली नाही.

तबलजी राहिले, टेप लायब्ररीतले राहिले, मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आमच्यासाठी स्टुडिओत स्वेटर आणून ठेवणाऱ्या बाई राहिल्या. घड्याळ मात्र समोर आहे.

एक शेवटचं. सकाळच्या पाळीला न्यायला पहाटे साडेचारला गाडी यायची. ड्रायव्हर भाऊ हॉर्न कधीच वाजवायचे नाहीत, मोहल्ला झोपलेला असतो म्हणून. फाटकाची कडी दोनदा हलवायचे. सिव्हिल लाइन्सला केंद्रावर मला सोडलं की त्यांचं काम संपलं, निदान माझी तशी समजूत होती. एके दिवशी काही विसरलं म्हणून मी परत बाहेर आले, तर ते गाडीतच बसलेले, मांडीवर ट्रान्झिस्टर. म्हटलं, भाऊ, चहाला नाही गेलात?

म्हणाले, ‘आधी तुमचं आयकतो न ताई. वंदे मातरम् झालं, तुमचा आवाज आला, का मंग जातो टपरीवर.’

मी धावत आत गेले. सिग्नेचर ट्यून सुरू व्हायला चार मिनिटं होती.