नवसाची भिंत

छोटा उदेपूर २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होतं. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात ओसरीची मधली भिंत देवाची. घरात आजारपण आलं, गुरं दगावली, की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, पिठोरो या देवाचा नवस बोलायला सांगतो: त्याची चित्रं, म्हणजे पिठोरा, भिंतीवर काढून घेण्याचा. फेडायचा तो ऐपत होईल तेव्हा. कधीकधी वर्षं लोटतात.

दिवस ठरला की कुमारिका भिंती शेणामातीनं सारवतात, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवायचे, ही जुनी रीत. मग लखारे, म्हणजे ही चित्रं काढणारे, चितारायला बसतात. पिठोरोच्या लग्नाचे घोडे, राणी काजल ही देवी, नांगरधारी शेतकरी, ताक घुसळणारी बाई. हल्ली एखादं विमानसुद्धा. बाहेर ढोल चालूच. शेवटी बडव्याच्या अंगात येतं आणि तो एकेक आकृती ओळखून दाखवतो. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे काढावं लागतं. त्याशिवाय नवस फिटत नाही.

वडोदऱ्यात आपण हेच घोडे कॅनव्हासवर घेतो, सोफ्याला रंग जुळतोय ना तेही बघून. लग्नानंतरचा गोंधळ कुणी हॉटेलच्या लॉबीत सजावट म्हणून मांडला, तर आपल्याला कसं वाटेल?

घेऊच नका, असं मात्र नाही. लखारे स्वतः कॅनव्हास करतात, त्यावर घरं चालतात. परेश राठवा यांना या कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पिठोराला भौगोलिक मानांकनही आहे. पण मानांकन राखतं ते नाव. तेच घोडे कुणी दुसऱ्याच नावानं चादरीवर छापले, तर ते हात बांधून बसतं. आपल्या वारशावर मूळनिवासींचाच ताबा असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात आहे. भारतानं बाजूनं मत दिलं. कायद्याचं बंधन त्याला नाही.

वडोदऱ्यातच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवी या मराठी माणसानं १९९६ मध्ये 'भाषा' ही संस्था काढली. तिचीच आदिवासी अकादमी छोटा उदेपूरजवळच्या तेजगढला आहे. आदिवासींची भाषा, गाणी, वस्तू तिथे आदिवासी तरुणांच्या हातांनी नोंदल्या जातात.

प्रदर्शनात पिठोरा आवडला, तर विक्रेत्याला लखाऱ्याचं नाव आणि गाव विचारा. सांगता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.