समिती सहीपुरती राहू नये

(शाळा व्यवस्थापन समित्यांच्या नव्या सदस्यांसमोर तालुक्याच्या ठिकाणी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण पालकसभेत हात वर झाले म्हणून समितीवर आला आहात. काहींना तर घरी गेल्यावर कळलं असेल की आपलं नाव लागलंय. त्यानंतर पहिलं काम आलं असेल ते सहीचं. ‘ताई, इथं जरा सही करा.’ रजिस्टर पुढ्यात, पेन हातात आणि वरचा मजकूर लिहायचा बाकी. आज मला मुख्यतः एकच सांगायचं आहे. त्या कोऱ्या पानावर सही करू नका. बैठक होऊ द्या, ठराव लिहू द्या, तो वाचून दाखवायला सांगा आणि मग सही करा.

केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी म्हणून, अनेक शाळांची इतिवृत्तं मी तपासली आहेत. वर्षभराच्या बैठका एकाच अक्षरात, एकाच शाईत लिहिलेल्या असायच्या आणि विषयही तेच ते. मागील इतिवृत्त कायम करणे, पोषण आहाराचा आढावा, आयत्या वेळचे विषय. शाळेत जाऊन पाहावं तर नळाला पाणी नसतं, तिसरीच्या निम्म्या मुलांना वाचता येत नसतं, एका बाईंवर तीन वर्ग असतात. त्यातलं एक अक्षरही त्या वहीत नसतं.

तुमचा अधिकार नेमका काय, ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. म्हणजे मुख्याध्यापकांनी समितीला बोलवायचं, कागद ठेवायचे, हिशेब दाखवायचा. ठरवायचं समितीनं. पुढचं कलम २२ त्याहून मोलाचं आहे. समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि तोच आराखडा शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या (जिल्हा परिषद, नगरपालिका वगैरेंच्या) नियोजनाचा व अनुदानाचा आधार मानायचा, असं कायदाच म्हणतो. हे कुणा साहेबांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. तरीही बहुतेक शाळांचा आराखडा शेजारच्या शाळेच्या फाईलवरून उतरवलेला असतो. पटसंख्या तेवढी बदललेली असते.

हे सगळं आपल्याला फुकट मिळालेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते सक्तीचं आणि मोफत केलं. पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला, त्यात जिल्ह्यांची आणि नगरपालिकांची शाळा मंडळं होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्या शिक्षण समितीकडे गेल्या. शहरांतली शिक्षण मंडळं राज्यानं २०१३ मध्ये मोडीत काढायचं ठरवलं. ती बदनाम झाली होती, खरेदीचे घोटाळे गाजले होते, हे खरं. पण त्यांच्या जागी लोकांचं ऐकणारं दुसरं काय उभं केलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षं शिक्षण समितीत लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. त्या काळात शाळेबद्दल मत देण्याचा हक्क असलेले पालक उरले ते तुमच्या समितीतच. म्हणून मी तुम्हाला साधे सदस्य समजत नाही.

आता गणवेशाचं पाहू. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यात आपला सगळा प्रश्न आहे.

पूर्वी गणवेशाचे पैसे समितीकडे यायचे, एका जोडाचे तीनशे, दोन जोडांचे सहाशे रुपये. रक्कम तुटपुंजी होती, तक्रारीही असायच्या. तरी कापड जवळच्या बाजारातून यायचं, शिंपी ओळखीचा असायचा. पहिलीतलं पोर समोर उभं करून माप घेतलं जायचं आणि आई सांगायची, दोन बोटं जास्त ठेवा, दिवाळीपर्यंत वाढेल. मग खाली दुमड राखली जायची. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. कापड वरून ठरलं, कापून आलं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. बचत गटांना काम मिळावं हा हेतू चांगलाच होता, त्या बायांचा यात काहीच दोष नाही. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं जुन्याच कपड्यांत होती. कित्येक ठिकाणी पहिला जोड हाती यायला महिने गेले. आला तेव्हा कुणाला आखूड, कुणाला ढगळ. दूरवर कापलेल्या कापडाला दुमड कुठून असणार? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनानंच निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीला दिला.

मुलाच्या अंगावरचे कपडे त्याच्या आईबापांना जवळून कळतात, वर बसून नाही कळत. गणवेशाच्या बाबतीत हे सिद्ध व्हायला एक वर्ष गेलं आणि ते मुलांचं गेलं. आता अधिकार परत आलाय, तर तो नीट वापरा. तीन दरपत्रकं मागवा. कापडाचा नमुना बैठकीत सगळ्यांच्या हातात फिरू द्या. बिल कीर्दीला लागलंय का, ते अध्यक्षांनी स्वतः पाहावं. या पैशात गडबड झाली तर ‘बघा, समित्यांना जमत नाही’ म्हणून अधिकार काढून घ्यायला लोक टपलेले आहेतच.

पैशाचंच बोलतोय तर संयुक्त शाळा अनुदानाचंही सांगतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,००० असा हिशेब आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. खडू, रजिस्टरं, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेली खिडकी, सगळं यातच बसवायचं. शंभर पटाच्या शाळेला महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात. ही रक्कम फार कमी आहे, हे मी इथं स्पष्ट म्हणतो. बऱ्याचदा ती आर्थिक वर्षाच्या शेवटी येते आणि मग मार्चमध्ये मिळेल ते विकत घेण्याची घाई होते. म्हणून आधीच्या बैठकांतच काय घ्यायचं ते क्रमानं ठरवून ठेवा. ग्रामपंचायतीलाही विसरू नका. तिच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. गावच्या विकास आराखड्यात शाळेचं काम ग्रामसभेत सुचवता येतं, पण त्यासाठी समितीचं कुणीतरी ग्रामसभेला हजर हवं.

बैठक खरी झाली की काय होतं, त्याचा माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. एका शाळेत जुनी कौलारू खोली होती. भिंतीला आडवी चीर होती, पावसाळ्यात ओल खिडकीपर्यंत चढायची. मुलं त्याच भिंतीला टेकून खिचडी खायची. अध्यक्ष सरपंचांना रस्त्यात सांगायचे, मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीत सांगायचे. सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर काहीच नव्हतं. शेवटी एका सदस्य आईनं बैठकीत हट्ट धरला, हे आजच्या आज लिहा. ठराव झाला. ही खोली धोकादायक, आजपासून इथं मुलं बसणार नाहीत, खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून बाद करून पाडण्याचा, प्रस्ताव पाठवावा. त्याच्या प्रती ग्रामपंचायत, गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम विभागाला गेल्या. प्रत्येक प्रतीची पोच घेऊन ती फाईलला लावली. मग अभियंते आले, मूल्यांकन झालं, मंजुरी आली आणि खोली उतरवली गेली. नवी खोली मिळायला त्यानंतरही बराच काळ लागला, ते लपवत नाही. पण धोक्याच्या भिंतीखाली मुलं बसवणं ठराव झाला त्याच दिवशी थांबलं.

शिक्षकांबद्दल थोडं सांगतो, कारण समिती जागी झाली की पहिला राग गुरुजींवर निघतो. गुरुजी वेळेवर येत नसतील तर जरूर विचारा, कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. पण साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रिकामी ठेवायची नाहीत, हेही कायद्यातच आहे. तुमच्या शाळेची संचमान्यता, म्हणजे पटावरून किती शिक्षकांची पदं मंजूर झाली त्याचा कागद, मागून घ्या आणि जागा किती, भरल्यात किती ते मोजा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटनांनी मोठा विरोध केला. छोट्या वाड्यावस्त्यांच्या शाळांना त्याची झळ बसते, हे माझंही मत आहे. शिवाय जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं कलम २७ सांगतं. तरी आमचे शिक्षक वर्गात उभे राहून मोबाईलवर माहिती भरताना दिसतात, कारण ‘आजच्या आज’ असा मेसेज आलेला असतो. अशा वेळी समितीनं शिक्षकाच्या बाजूनं ठराव करावा. एकटा शिक्षक वरिष्ठांना नाही म्हणू शकत नाही, पालकांची समिती म्हणू शकते.

शाळेत शिक्षक आहे, पैसा आहे, तरी मूल वाचत नसेल तर? निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावं यासाठी. मला वाटतं, दर बैठकीत पहिला विषय हाच असावा. तिसरी-चौथीतली किती मुलं परिच्छेद वाचतात, किती अडखळतात, अडखळणाऱ्यांसाठी या महिन्यात काय करणार. मुलाला उभं करून सगळ्यांसमोर परीक्षा घेऊ नका, ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. बाईंना विचारा, त्यांना नावानिशी माहीत असतं.

आता ज्यांच्या शाळेचा पट वीसच्या आत आहे, त्यांच्यासाठी. २०२३ मध्ये राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा असल्याचं शासनानंच मांडलं आणि समूह शाळांचा, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विचार पुढे आणला. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या अशाच प्रयोगाचं उदाहरण दिलं गेलं. प्रत्येक लहान शाळा आहे तशीच राहावी, असं मी म्हणणार नाही. सहा मुलं, चार इयत्ता, सोबतीला वर्गमित्र नाही, अशी अवस्था मुलांच्या हिताची नसते. पण पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हा आपल्याकडचा निकष आहे, तो सहज सोडू नका. कुणी ‘गाडी देऊ’ म्हणालं तर गाडी कोण देणार, किती वर्षं, पावसात ओढ्याला पाणी आलं की काय, बरोबर बाई असणार का, हे सगळं लेखी घ्या. गाडी बंद पडली की आधी घरी बसते ती मुलगी. समितीचा ठराव आणि सगळ्या पालकांची लेखी संमती असल्याशिवाय हलू नका.

तुमचं कुणी ऐकलंच नाही, तर कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायची, त्यांनी तीन महिन्यांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. साध्या कागदावर चालतं, वकील लागत नाही.

आणि शेवटचा विषय, इथं बसलेल्या बायांसाठी. निम्म्या जागा तुमच्या आहेत, पण बैठकीला नवरा किंवा दीर येतो आणि सहीसाठी रजिस्टर मात्र तुमच्या घरी पाठवतात. हे बंद करा. बैठक दुपारी अकरा-बारा वाजता ठेवली तर रोजावर जाणारी बाई येणार कशी? तिची दिवसाची मजुरी बुडते. पुढच्या बैठकीचा पहिला ठराव वेळेचाच घ्या. संध्याकाळी सहानंतर किंवा बाजाराच्या दिवशी, जेव्हा कामाला सुट्टी असते तेव्हा. मुख्याध्यापकांना थोडी अडचण होईल, गावाबाहेर राहणाऱ्या शिक्षकांना जास्त होईल, पण महिन्यातून एकच दिवस आहे. बैठकीची नोटीस आठवडाभर आधी आणि विषय लिहून मागा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो कागद त्यांचंच पोर घरी वाचून दाखवेल.