कनू हा शब्द कुणाचा?

नमस्कार मंडळी.

उन्हाळी शिबिरांची पत्रकं घरोघरी आलीत आणि बहुतेकांवर कनूचं, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीचं, चित्र आहे. आपल्या मुलांच्या तोंडी हा शब्द इतका रुळलाय की तो कुठला, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

कॅनडा आणि कनू कानाला जुळतात, त्यामुळे शब्द इथलाच वाटतो. पण तो आहे कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. १२ ऑक्टोबर १४९२ला कोलंबस बहामा बेटांवर उतरला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने या होड्यांचं वर्णन लिहून ठेवलं. एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या, कुठेही सांधा नाही. काहींत चाळीस-पंचेचाळीस माणसं, तर काहींत एकटाच. वल्हं भटारी पाव भट्टीत सारतो त्या फावड्यासारखं. होडी उलटली तर सगळे पाण्यात उतरतात, तिला सुलटी करतात आणि भोपळ्याच्या तुंब्यांनी पाणी उपसतात. केवढं बारीक निरीक्षण आहे हे!

होडीचं नाव मात्र त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला 'अल्मादिया' हा शब्द वापरला. (पोर्तुगीजांनी पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांनाही हेच नाव दिलं.) २६ ऑक्टोबरच्या नोंदीत 'कानोआ' येतो. अर्थही तिथेच दिलाय: एका लाकडाची, शिडाविना चालणारी नाव. १४९५च्या सुमारास नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात तो छापला गेला. अमेरिकेतल्या भाषांमधला स्पॅनिश कोशात शिरलेला हा पहिला शब्द मानतात. तिथून तो फ्रेंच, इंग्रजी असा पसरला.

शब्द तरला, पण तो बोलणारा समाज पन्नासेक वर्षांत उद्ध्वस्त झाला. सक्तीची मजुरी, उपासमार, युरोपातून आलेले रोग. हरिकेन, हॅमॉक, बार्बेक्यू हे शब्दही त्यांचेच. त्यांचे वंशज पोर्तो रिको, क्युबा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात आजही आहेत आणि आपली ओळख पुन्हा उभी करताहेत. म्हणूनच 'कनू हा इंग्रजी शब्द' असं मुलांना सांगून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही.

आता आपल्या ओंटारिओकडे येऊ. पत्रकावरची होडी कोलंबसने पाहिलेली नव्हे. ती इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांची, आणि त्यांच्या भाषेत तिचं नाव 'जीमान'. ती कोरत नाहीत, बांधतात. बर्च झाडाची साल मोठ्या तुकड्यांत सोलून काढायची आणि उलटी लावायची; झाडावर दिसणारी पांढरी बाजू होडीच्या आत जाते. स्प्रूसची मुळं चिरून त्यांनी साल शिवायची, आतून सीडरच्या लवचीक फासळ्या बसवायच्या. शेवटी स्प्रूसच्या डिंकात चरबी आणि कोळशाची पूड मिसळून शिवणी लिंपायच्या. खिळा एकही नाही. खळाळ आला की होडी खांद्यावर घ्यायची आणि पलीकडच्या पाण्यात सोडायची. फर व्यापारातल्या फ्रेंच नावाड्यांनी हीच विद्या उचलली. माँट्रियलहून निघणाऱ्या त्यांच्या मोठ्या होड्या ३६ फुटांपर्यंत लांब असत. पण नाव चिकटलं ते दूरच्या बेटांवरचं, आणि 'जीमान' मागे पडला. कयाकचं तसं झालं नाही. तो इनुइट लोकांचाच शब्द, आणि होडीही त्यांचीच.

आपल्यातल्या कोकणातल्या मंडळींना कोरीव होडीचं नवल वाटणार नाही. तिकडे होडीच्या एका अंगाला उलांडी बांधतात, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेलं तरंगतं लाकूड. त्यामुळे लाटेवर ती सहसा कलंडत नाही. इथल्या कनूला उलांडी नसते, तेव्हा मुलांना बजावून ठेवा: आत उभं राहायचं नाही, लाइफ जॅकेट काढायचं नाही.

एक आग्रह आहे. पीटरबरोला कॅनेडियन कनू म्युझियम आहे. २०२४मध्ये लिटल लेकच्या काठी त्याची नवी इमारत उघडली. संग्रहात सहाशेहून अधिक होड्या आहेत. मुलांना घेऊन जा. सालीच्या होडीपाशी थांबा आणि त्या मुळांच्या शिवणी त्यांना जवळून दाखवा. मंडळातर्फे एकत्र जायचं असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, आजच नावं लिहून घेऊ.