पंप बदलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. जुनी पेट्रोल गाडी चालता चालता गचके खाते, बंद पडते आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू होते. लगेच निदान होतं, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप गेला! टाकी उतरते, नवा पंप बसतो, आठवड्यात रडगाणं पुन्हा सुरू. इंजेक्शनच्या, टाकीत विजेचा पंप असलेल्या गाड्यांचं हे दुखणं पुष्कळदा पंपात नसतंच.

आधी कान लावा. गाडीतला रेडिओ बंद करा (हे भाषण संपल्यावर). चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बहुतेक गाड्यांत मागून दोनेक सेकंद घूंऽऽ आवाज येतो. काहींत मात्र पंप सेल्फ मारल्यावरच चालतो. आवाज नसेल तर फ्यूज पाहा. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घातलात तर वायर जळेल.

मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. काही जुन्या रिलेंत आतल्या डाखाला केसाएवढी चीर पडते. गाडी तापली की चीर उघडते, निवली की जुळते. त्या अर्ध्या तासाचं गूढ अनेकदा एवढंच असतं. हॉर्नचा रिले हुबेहूब तसाच असेल, तर अदलाबदल करून बघा.

रिले ठीक निघाला की व्होल्ट मोजायचा मीटर हाती घ्या, आणि इथंच भले भले फसतात. पंपाचं सॉकेट काढून मोजलं तर मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण पंपाला दोष देतो. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीची एकच तार शाबूत असली तरी त्याला पुरते. पंपाला मात्र, समजा, 5 अँपिअर हवेत. वाटेतल्या गंजक्या जोडाचा रोध 0.4 ओहम असेल तर तिथंच 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 10 वॉट उष्णता होते. सॉकेटचं प्लास्टिक काळवंडतं ते त्यामुळे.

म्हणून सॉकेट जोडलेलं ठेवून, पंप चालू असताना, सॉकेटच्या मागून, वायरी शिरतात तिथं मोजा. बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून बघा. एक व्होल्टाहून जास्त फरक दिसला तर वाटेत दोष आहे. नंतर अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतणारी वाट: मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थ वायरीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. मीटर अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोला, पत्रा चकचकीत घासा. पेट्रोलचा काटाही वेड्यासारखा नाचत असेल, तर माझा पहिला संशय अर्थवरच. अनेक गाड्यांत दोघांचा अर्थ एकच असतो.

एक सांभाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. टाकी उघडी असताना यातलं काहीच करू नका, आणि सॉकेट काढायचं-लावायचं ते चावी बंद करूनच.

वीज पूर्ण, अर्थ पक्का, तरी पंप गप्प? चावी ऑन असताना टाकीच्या बुडावर रबरी हातोडीनं हलकेच टकटक करा. पंप जागा झाला तर बहुधा त्याचे ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजलेत. आता खुशाल टाकी उतरवा. मात्र नव्या पंपाला जुनं काळवंडलेलं सॉकेट जोडू नका. नमस्कार.