अर्थ कुठे मारायचा?

नमस्कार. मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय 'आफ्टरमार्केट ईसीयूची सुरक्षित जोडणी', म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर बाहेरून आणून गाडीत नीट कसा बसवायचा. पत्रिकेत ईसीयूच्या जागी 'आयसीयू' छापून आलंय. राहू द्या, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या त्याच अवस्थेत असतात.

समोर निम्मे उद्यमनगरातले गॅरेजवाले आहेत आणि निम्मी कॉलेजची रेसिंग कार बांधणारी पोरं. म्हणजे ईसीयू म्हणजे काय, इंजेक्टर कसा उघडतो, हे सांगून तुमचा वेळ खात नाही. माझं भांडण अर्थिंगबद्दलच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडाबद्दलच्या, एकाच वाक्याशी आहे: "अर्थ ना? मार की बॉडीला कुठंतरी!" हे 'कुठंतरी' माझ्या डोक्यात जातं. प्लसची वायर प्रत्येक जण जपून ओढतो. लाल रंग, फ्यूज, वर टेप, सगळं. आणि मायनसला जवळचा बोल्ट. अहो, जेवढा करंट लाल वायरीतून गेला तेवढाच काळ्यातून परत येतो. तो काही पुण्याला जाऊन राहत नाही.

एका मारुती जिप्सीची गोष्ट सांगतो. कार्बोरेटरवाली, 1300 सीसीची. मालकानं हौसेनं फ्युएल इंजेक्शन करून घेतलं होतं, प्रोग्रॅमेबल ईसीयू बसवला होता, बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा लावला होता. काम कुठल्या गॅरेजचं ते विचारू नका, कदाचित मंडळी इथंच असतील. तक्रार काय, तर पंखा इंडिकेटरसारखा चालतो. दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद, पंख्याला करंट देणाऱ्या रिलेची टक-टक. शिवाय पंखा लागला की इंजिन काळं ओकतं. मालकांनी थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, रिले बदलला, पुढं लिंबू-मिरचीसुद्धा बदलली. पंखा आपला टक-टक.

लॅपटॉप जोडला. पाणी 95 अंशांवर गेलं, ईसीयूनं पंखा लावला, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर 95 चे 75 झाले. आता रेडिएटर कितीही चांगला असला तरी डोळ्याचं पातं लवेपर्यंत वीस अंश खाली येत नाही. 75 दिसल्यावर ईसीयू म्हणतो, पाणी थंड आहे, पंखा बंद करा आणि पेट्रोल वाढवा. पंखा बंद झाला की परत 95.

मागच्या बाकावरचा हात दिसला. बरोबर, अर्थ. पण नुसतं 'अर्थ' म्हणून मार्क मिळत नाहीत, किती व्होल्ट ते सांगा. टेम्परेचर सेन्सर म्हणजे गरम झाल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा तुकडा. नेहमीचा बॉश पद्धतीचा सेन्सर 20 अंशांना अडीच हजार ओहम असतो, 95 ला साधारण दोनशे. ईसीयू त्याला आतल्या रेझिस्टरमधून 5 व्होल्ट देतो आणि किती उरले ते मोजतो. गरम पाण्याला उरतात 0.4 व्होल्ट. इथं सेन्सरचा अर्थ आणि पंख्याचा अर्थ एकाच बोल्टला होता, आणि ईसीयूचा स्वतःचा थेट बॅटरीला. मीटरचं काळं टोक ईसीयूच्या अर्थ पिनेला, लाल टोक त्या बोल्टला लावलं. पंखा बंद, शून्य. पंखा चालू, 0.3 व्होल्ट. पंखा ओढतो बारा-एक अँपिअर, म्हणजे त्या जोडात जेमतेम 25 मिलिओहम. एवढ्यानं 0.4 चा आकडा 0.67 होतो (पुरता 0.7 नाही, कारण रेझिस्टर आणि सेन्सरमध्ये आता 5 ऐवजी 4.7 व्होल्टच वाटले जातात), आणि 0.67 म्हणजे ईसीयूच्या हिशेबानं 75 अंश.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, उघडलं तर खाली चकचकीत पावडर कोटिंग, करंट न जाऊ देणारा रंगाचा थर. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. आणि जोडणी करणाऱ्यांचं म्हणणं, "आम्ही चेक केलं होतं, मीटर बीप देतो." बीप! तो बीप वीस-तीस ओहमलासुद्धा वाजतो. इथं दुखणं त्याच्या हजाराव्या भागाचं. बीपवर विसंबून अर्थ तपासणं बंद करा, हात जोडून सांगतो.

पावडर कोटिंग खरवडून भागलं नसतं. आकडा कमी झाला असता, पण दुखणं राहिलंच असतं. सेन्सरची परतीची वायर बॉडीला लावायचीच नाही, ती ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनेला परत न्यायची. टेम्परेचर, थ्रॉटल, मॅप (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा), सगळ्या सेन्सरची. ती तशी नेली, आणि पंखा शहाण्यासारखा वागायला लागला.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळवत सांगतो.

ईसीयूचे पॉवर अर्थ इंजिनच्या ब्लॉकवर किंवा हेडवर, कोऱ्या धातूवर, एकाच जागी. आणि बॅटरी मायनस ते इंजिन जाड केबल हवीच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ती केबल सैल झाली की सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर दुसरी वाट शोधतात: क्लच केबल, नाहीतर तुमच्या ईसीयूच्या बारीक वायरी. ईसीयूच्या आतल्या सर्किटचा ट्रॅक जळाला की ईसीयू गेलाच म्हणून समजा. तपासणी अशी: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरी मायनसच्या खांबाला, दुसरं इंजिनला, आणि सेल्फ मारा. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर केबल काढून साफ करा.

मुख्य फ्यूज बॅटरीजवळच. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे तो वायरीच्या जाडीप्रमाणे. पेट्रोल पंपाला वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले, आणि तो रिले ईसीयूच्याच ताब्यात. इंजिन थांबलं की पंप थांबला पाहिजे. डॅशबोर्डच्या स्विचवर पंप चालवणाऱ्यांनी, गाडी उलटली तर तो स्विच कोण बंद करणार, याचा विचार करावा.

इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरला शील्डची, म्हणजे बाहेरून धातूचं आवरण असलेली, वायर, शील्ड एकाच टोकाला अर्थ, ईसीयूकडे. ती कॉइलच्या वायरींपासून लांब ठेवा. हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, जोड क्रिम्प करा, टर्मिनल दाबून बसवा; सोल्डर नको. सोल्डर वायरीत वर चढतो, तिथं तार ताठ होते आणि व्हायब्रेशननं नेमकी तिथंच तुटते. इंजिन चालू असताना बॅटरी काढून "अल्टरनेटर चांगला आहे का" बघणारे अजून आहेत. बॅटरी काढताच अल्टरनेटरकडून येणारा व्होल्टेजचा झटका शंभर व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो. आणि गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी तर काढाच, पण ईसीयूचा कनेक्टरही काढून ठेवा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी शेजारी लावा. बंपरला वेल्डिंग आणि क्लॅम्प इंजिनला, असं केलंत तर तो करंट कुठून जातो ते आता तुम्हीच सांगा.