हंपवरचा ड्रम

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘हंपवरची मालवाहतूक महिना दहा हजार टनांवरून सत्तर हजारांवर कशी गेली’ असा. हंप म्हणजे आसाम आणि चीन यांच्यामधले उंच डोंगर, महायुद्धात अमेरिकन विमानं ज्यांच्यावरून माल नेत. तिकडे जाऊच. पण त्याआधी पेट्रोलचा ड्रम. दुसऱ्या महायुद्धातलं आशियातलं हवाई युद्ध म्हटलं की लोकांना शार्कचा जबडा रंगवलेली लढाऊ विमानं आठवतात. त्यांच्या टाकीत पेट्रोल कुणी ओतलं, हे कुणी विचारत नाही. तक्रार जुनी आहे, आज तुम्ही तावडीत सापडलात.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिथून चीनला जाणारा बर्मा रोड तुटला, आणि चीनसाठीचा माल आसामातल्या छबुआ, दिंजन, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून डोंगरांपलीकडे कुनमिंगला जायला लागला. कलकत्त्याहून निघालेला माल पार्वतीपूरला ब्रॉडगेजमधून उतरवून मीटरगेजमध्ये भरायचा. पुढे अमीनगावला ब्रह्मपुत्रेवर पूलच नाही, तेव्हा डबे बोटीवर चढवा. (पूल झाला १९६२ मध्ये. आपल्याकडे घाई कसली?)

आता ड्रम. पंचावन्न अमेरिकन गॅलन, म्हणजे दोनशे आठ लिटर. भरलेला ड्रम पावणेदोनशे किलोच्या आसपास. सी-४७ हे मालवाहू विमान शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहतं, त्यामुळे आतली जमीन चढणीची आणि दार मागच्या बाजूला. म्हणजे प्रत्येक ड्रम दारातून आत घेऊन चढावर पुढे लोटायचा. सी-४६ हे त्याहून मोठं विमान, त्याचं दार तर आणखी उंच; तिथे काही ठिकाणी हत्तीने सोंडेने ड्रम उचलून दिले. फोटो आहेत, थापा मारत नाही. चार टनांच्या हिशेबाने तेवीसेक ड्रम बसतात. पाचर लावायची, दोर आवळायचे. एखादी ओळ सुटली आणि उड्डाणात शेपटीकडे घरंगळली, तर वजनाचा तोल मागे जातो, नाक वर उठतं, वेग मरतो आणि विमान कोसळतं.

एवढ्यावर भागत नाही. ड्रम आसामच्या उन्हात तापलेला. अठरा हजार फुटांवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो, आणि मालाच्या खोलीत दाब राखायची सोय नाही. ड्रमची टोकं फुगतात, बूच किंवा शिवण पाझरते, आत वाफ साचते. मग एक ठिणगी पुरते. वैमानिकांना जपानी विमानांइतकीच या वासाची धास्ती असणार. परतीचं पेट्रोलही इथूनच न्यायचं. कुनमिंगला टाकी भरली तर पोचवलं काय?

आणि तिथून रिकामं यायचं का? टंगस्टन, कथील, ब्रशसाठी डुकराचे केस आणायचे. येताना भारतातल्या रामगडच्या लष्करी तळावर प्रशिक्षणासाठी चिनी शिपाईसुद्धा. हिवाळ्यात ताशी शंभर मैलांचा पश्चिमेचा वारा तोंडावर, पावसाळ्यात ढग, आणि सी-४६ च्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मुख्य विषय.

डिसेंबर १९४३ मध्ये महिना पहिल्यांदा दहा हजार टनांवर गेला, तो रात्रीही उडायला लागल्यामुळे. ऑगस्ट १९४४ मध्ये उत्तर ब्रह्मदेशातलं म्यित्किना शहर जपान्यांच्या हातून गेलं. तिथली जपानी लढाऊ विमानं टाळायला उत्तरेचा उंच रस्ता धरावा लागत होता, आता दक्षिणेचा कमी उंचीचा रस्ता मोकळा झाला. कमी उंची म्हणजे बर्फ कमी, पेट्रोल कमी, माल जास्त. सप्टेंबरात या हवाई वाहतुकीचे नवे अमेरिकन प्रमुख विल्यम टनर आले. त्यांनी देखभालीची साखळी बसवली: विमान ट्रॅक्टरने एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर ओढायचं, प्रत्येक ठाण्यावरची टोळी आपलंच काम करणार. पंगतीच्या उलट, वाढपी जागच्या जागी आणि जेवणारा सरकतोय. शिवाय एका तळावर शक्यतो एकाच जातीची विमानं, म्हणजे सुट्या भागांची शोधाशोध नाही. दिवसा पत्रा हाताला चटके देई, म्हणून बरीच दुरुस्ती रात्री चाले.

जुलै १९४५ मध्ये एका महिन्यात ७१ हजार टन गेले. त्याच महिन्यात आसामातून ब्रह्मदेशमार्गे चीनला जाणाऱ्या लेडो रोडवरून गेले सहा हजारांच्या आसपास. आपल्या पुस्तकांत मात्र रस्त्याचा नकाशा छापतात.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. हत्तीचे फोटो टेबलावर ठेवलेत.